मिटल्या दाराआडची माणसे : अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची जीवनकथा

मुलुखापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना रेल्वेच्या लांबच्या प्रवासाची ओळख करून देण्याचे कारण नाही. ट्रंका, वळकट्या आणि फिरकीचे तांबे घेऊन दोन-दोन रात्रींचा प्रवास करीत आपल्या वाडवडिलांनी गावची वाट धरली, ती कथा प्रत्येक घरात आहे. डब्यात शिरताना सगळेच परके असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दशम्या आणि लोणचे यांची देवाणघेवाण होते, मुलांची शिक्षणे आणि मुलींची स्थळे यांची चौकशी होते. मग केव्हातरी मध्यरात्री गाडी आडरानात थांबते. बाहेर काळोख, स्टेशनचा पत्ता नाही, गाडी का थांबली ते कोणी सांगत नाही. अशा वेळी समोरच्या बाकावर झोपलेल्या सद्‌गृहस्थाकडे पाहून क्षणभर मनात येऊन जाते, की या माणसाविषयी आपल्याला त्याने सांगितले त्याहून अधिक काय ठाऊक आहे?

मनात येऊन विरून जाणाऱ्या या एवढ्याशा शंकेवर एका इंग्रज बाईंनी आपले अवघे साहित्य उभारले. बर्फात अडकलेली आगगाडी, वादळाने वेढलेले बेट, नाईल नदीवरची आगबोट, वाळवंटातील उत्खननाची छावणी, अशा जगापासून तुटलेल्या ठिकाणी मोजकी माणसे एकत्र यावीत, त्यांत एक खून व्हावा आणि खुनी बाहेरून आलेला नाही हे हळूहळू सर्वांना उमगावे, या कथाबीजाला जगभर जी प्रतिष्ठा लाभली ती मुख्यतः अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्यामुळे. चित्रपटसृष्टीने तर हे बीज इतक्या देशांत आणि इतक्या भाषांत पेरले, की मूळ लेखिकेचे नावही न ऐकलेल्या प्रेक्षकाला ते परिचयाचे वाटते. या बाईंच्या जीवनाचा परिचय करून घेताना एक गोष्ट जाणवते. मिटल्या दाराआड अडकणे म्हणजे काय आणि परका माणूस म्हणून जगणे म्हणजे काय, हे दोन्ही त्यांनी स्वतः अनुभवले होते.

अ‍ॅगाथा यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी झाला. वडील फ्रेडरिक मिलर हे अमेरिकन होते, आई क्लारा इंग्लंडमध्ये वाढलेली. तीन भावंडांत अ‍ॅगाथा धाकट्या. थोरली बहीण आणि भाऊ वयाने बरेच मोठे असल्यामुळे त्यांचे बालपण ॲशफील्ड नावाच्या मोठ्या घरात आणि बागेत बहुतांशी एकटेपणात गेले. मुलांनी आठ वर्षांचे होईपर्यंत वाचू नये, असे आईचे मत होते. या मुलीने मात्र पाचव्या वर्षाच्या सुमारास आपले आपणच वाचायला शिकून आईचा बेत मोडला. त्या अकरा वर्षांच्या असताना, १९०१ साली वडील वारले. घरची सुबत्ता ओसरली आणि आई व मुलगी एकमेकींना अधिकच बिलगल्या.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी अ‍ॅगाथा यांनी आर्चिबाल्ड ख्रिस्ती या वैमानिक अधिकाऱ्याशी विवाह केला. आर्चिबाल्ड यांचा जन्म आपल्याकडचा, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानातील पेशावरचा. त्यांचे वडील हिंदुस्थानातील ब्रिटिश सेवेत होते. नवरा आघाडीवर गेला आणि अ‍ॅगाथाबाई टॉर्कीच्या रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागल्या. पुढे त्यांची नेमणूक औषधालयात झाली. कंपाउंडरच्या कामाची रीतसर परीक्षा त्या १९१७ मध्ये उत्तीर्ण झाल्या. कोणते द्रव्य कोणत्या मात्रेपर्यंत औषध असते आणि कोणत्या मात्रेपासून विष होते, हे ज्ञान त्यांना या कामाने दिले. सभोवती बाटल्यांची कपाटे आणि काम नसेल तेव्हा मोकळा वेळ! तुला काही रहस्यकथा लिहिता यायची नाही, असे थोरल्या बहिणीने पूर्वी एकदा हिणवले होते. ते मनात होतेच. तेथेच पहिल्या कादंबरीचा आराखडा ठरला.

आता गुप्तहेर हवा होता. शेरलॉक होम्ससारखा दुसरा कोणी उभा करण्यात अर्थ नव्हता. त्या वेळी जर्मन आक्रमणामुळे देशोधडीला लागलेले बेल्जियन निर्वासित टॉर्कीत येऊन राहिले होते. अ‍ॅगाथाबाईंनी आपला गुप्तहेर त्यांच्यातून उचलला. हर्क्यूल प्वारो हा ठेंगणा, अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, टोकदार मिशांचा निवृत्त पोलीस अधिकारी घरदार सोडून परमुलुखात आलेला आहे. त्याची भाषा वेगळी, पोशाख वेगळा, चालीरीती वेगळ्या. इंग्रज लोक त्याला हसतात आणि त्याच्यासमोर बेसावधपणे बोलतात. पहिल्या कादंबरीत जिचा खून होतो त्या वृद्ध बाईनेच या निर्वासितांना आश्रय दिलेला असतो. तेव्हा प्वारोची पहिली कामगिरी ही बुद्धीची चमक दाखविण्यासाठी केलेली नाही. परक्या भूमीने दिलेल्या आसऱ्याचे ते ऋण फेडणे आहे. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबांना अनोळखी शहरात कोणा शेजाऱ्याने पहिली खोली मिळवून दिली असेल, त्यांना यातील मर्म निराळे सांगावे लागणार नाही.

अनेक प्रकाशकांनी परत पाठविलेली ही कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, १९२० मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या हाती अवघे पंचवीस पौंड पडले. परंतु औषधनिर्मात्यांच्या एका नियतकालिकाने विषाची माहिती अचूक दिल्याबद्दल पुस्तकाची वाखाणणी केली. इतर परीक्षणांपेक्षा या कौतुकाचे बाईंना फार अप्रूप वाटले.

मुलगी रोझलिंड १९१९ साली जन्मली. १९२२ मध्ये पतीबरोबर जगप्रदक्षिणा झाली. १९२६ साली आलेल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या कादंबरीने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. आणि नेमके तेच वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत काळे वर्ष ठरले. एप्रिलमध्ये आई गेली. आईच्या घरातील सामानसुमान आवरण्याचे दुःखद काम त्या एकट्याने करीत होत्या. ऑगस्टमध्ये पतीने सांगितले, की आपले मन दुसऱ्या स्त्रीत गुंतले आहे आणि आपल्याला घटस्फोट हवा आहे.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अ‍ॅगाथाबाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यात गिल्डफर्डजवळ एका उतारावर मोटार सापडली. आत त्यांचा फर कोट होता, बाईंचा मात्र मागमूस नव्हता. मग जो गदारोळ उडाला त्याला तोड नाही. पोलिसांच्या बरोबरीने हजारो स्वयंसेवक माळरान धुंडाळू लागले. वरून विमाने घिरट्या घालू लागली. होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी बाईंचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीच्या जाणकाराकडे नेला. रहस्यकथा लेखिका डोरोथी सेअर्स प्रत्यक्ष जागा पाहून आल्या. नवऱ्याने खून केला असावा, अशीही कुजबुज झाली. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, त्या यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथील एका आरोग्य-हॉटेलात सापडल्या. नोंदवहीत त्यांनी आपण दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनच्या असल्याचे लिहिले होते आणि आडनाव दिले होते ते पतीच्या प्रेयसीचे. इतर पाहुण्यांत त्या मिळून मिसळून वागत होत्या. शेवटी हॉटेलातील वादकांनी त्यांना ओळखून पोलिसांना कळविले.

डॉक्टरांनी स्मृती हरपल्याचे निदान केले. काहींनी प्रसिद्धीचा डाव म्हटले, काहींनी नवऱ्यावरचा सूड म्हटले. पुढे लिहिलेल्या आत्मचरित्रात बाईंनी या अकरा दिवसांविषयी अवाक्षर काढले नाही. आपणही तर्क लढवू नये हे बरे. एवढे मात्र खरे, की मोजक्या परक्या माणसांच्या घोळक्यात खोट्या नावाने वावरणे कसे असते, आपल्याच चेहऱ्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत असताना समोरच्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणजे काय, हे या लेखिकेला कल्पनेने रंगवावे लागले नाही. त्यानंतरच्या त्यांच्या लेखनात प्रत्येक सभ्य चेहऱ्यामागे एक न सांगितलेली गोष्ट दडलेली असते, आणि ती गोष्ट नेहमीच पापाची असते असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ दुःखाची असते.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी शरद ऋतूत एका मेजवानीत बगदादचा विषय निघाला. वेस्ट इंडीजची तिकिटे काढून झाली होती, ती त्यांनी रद्द केली आणि पाच दिवसांत ओरिएंट एक्स्प्रेसने त्या एकट्या पूर्वेकडे निघाल्या. त्या काळी अडतीस वर्षांच्या, नुकत्याच घटस्फोट झालेल्या बाईने असे निघणे ही साधी गोष्ट नव्हती. बगदादला पोचल्यावर त्यांना काय भेटले? पुन्हा इंग्रजच! तोच चहा, तेच टेनिस, त्याच गाठीभेटी. परदेशात आपल्याच माणसांनी घातलेले हे कुंपण त्यांना रुचले नाही. ते ओलांडून त्या अर येथील प्राचीन नगरीच्या उत्खननाकडे गेल्या. आपण मंडळवाल्यांनी हा प्रसंग किंचित विचारात घेण्याजोगा आहे. दूरदेशी आपले वर्तुळ हवेच. पण त्याचे दार आतून बंद झाले तर दूरदेशी येऊन काय पाहिले, हा प्रश्न उरतो.

अर येथे उत्खननप्रमुख लेनर्ड वूली आणि त्यांच्या पत्नी कॅथरीन यांच्याशी स्नेह जुळला. १९३० साली अ‍ॅगाथाबाई पुन्हा तेथे गेल्या तेव्हा मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्वज्ञाला त्यांना परिसर दाखविण्याचा हुकूम झाला. वाटेत मोटार वाळूत रुतली. दुसरे कोणी त्रागा केला असता, या बाई मोटारीच्या सावलीत शांतपणे आडव्या झाल्या आणि झोपी गेल्या. अशी स्त्री आपल्याला पत्नी म्हणून लाभावी, असे मॅक्स यांना त्याच वेळी वाटले. ते जवळजवळ चौदा वर्षांनी लहान होते. तरीही ११ सप्टेंबर १९३० रोजी एडिंबरो येथे विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत सुखाचा झाला.

यानंतरची अनेक वर्षे इराक आणि सीरिया येथील छावण्यांत गेली. निनेवे, अर्पाचिया, चागर बझार, टेल ब्राक, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर निमरूद. विटा-मातीच्या घरात सात-आठ युरोपीय माणसे महिनोन्‌महिने एकत्र राहत. तेच चेहरे, तेच जेवणाचे टेबल, पाऊस पडला की चिखलाने रस्ते बंद. कोणाच्या हसण्याचा कोणाला त्रास होतो, कोण कोणाशी बोलणे टाळतो, हे अशा ठिकाणी लपत नाही. बाई तेथे छायाचित्रे काढीत, पदार्थ करण्यावर देखरेख ठेवीत आणि निमरूद येथे सापडलेले तीन हजार वर्षांपूर्वीच्या काळातील हस्तिदंती नक्षीकाम विणायच्या सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने हलक्या हाताने साफ करीत. थरावर थर साचलेली माती दूर सारून मूळ रेषा उघडी करण्याचे हे काम आणि त्यांचे लेखन यांत फारसे अंतर नव्हते.

डिसेंबर १९३१ मध्ये निनेवेहून एकट्या परतताना त्यांची ओरिएंट एक्स्प्रेस पुराने रूळ वाहून गेल्यामुळे अडकून पडली. याआधी १९२९ च्या हिवाळ्यात हीच गाडी तुर्कस्तानात बर्फामुळे कित्येक दिवस रुतून राहिली होती. १९३२ साली अमेरिकेत विख्यात वैमानिक लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण आणि हत्या झाली व सारे जग हादरले. या तिन्ही धाग्यांतून ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ विणली गेली व १९३४ साली प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९३६ साली उत्खननाच्या छावणीतील, १९३७ साली नाईलवरील आगबोटीतील आणि १९३९ साली निर्जन बेटावरील खुनांच्या कादंबऱ्या आल्या. बेटाची कल्पना त्यांना डेव्हनच्या किनाऱ्याजवळील बर्ग बेटावरून सुचली. भरतीच्या वेळी हे बेट मुख्य भूमीपासून तुटते.

या रचनेचे गमक समजून घेण्यासारखे आहे. पहिली अट ही, की बाहेरची वाट बंद झाली पाहिजे. मग पोलीस येत नाहीत, ठसे तपासणारे येत नाहीत. उरतात फक्त माणसे आणि त्यांचे बोलणे. दुसरी अट, माणसांची संख्या ठरलेली हवी. प्रत्येक मृत्यूबरोबर संशयाचे वर्तुळ आवळत जाते. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. माणसे वरवर एकमेकांना अनोळखी असली, तरी भूतकाळातील एखाद्या धाग्याने ती बांधलेली असतात. बेटावरच्या कादंबरीत दहाही जणांच्या हातून कोणाचा ना कोणाचा मृत्यू घडलेला आहे, आणि कायद्याचा हात त्यांच्यापर्यंत पोचू शकलेला नाही. पहिल्या रात्रीच ग्रामोफोनच्या तबकडीतून त्यांचे अपराध वाचून दाखविले जातात. तेथून पुढे खुन्याच्या शोधाइतकाच आणखी एक शोध सुरू होतो. प्रत्येक जण स्वतःशी तरी सत्य कबूल करतो की नाही, याचा.

मिटल्या दाराआड संकट आले की बोट प्रथम कोणाकडे वळते? परक्याकडे. ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये रेल्वे कंपनीचा संचालक पुनःपुन्हा इटालियन प्रवाशावर संशय घेतो, कारण सुरा चालविणे हे त्याच्या मते इटालियनांचे काम. प्वारो पुरावा मागतो. स्वतः परका असल्यामुळे परकेपणा हा पुरावा नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आणि उकल होते तेव्हा घरचे, ओळखीचे, विश्वासाचे वाटणारे माणूसच बहुधा समोर उभे राहते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाईंच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ज्यू लोकांविषयी आणि इतर परकीयांविषयी त्या काळच्या इंग्रज समाजातील पूर्वग्रह सर्रास आढळतात. बेटावरील कादंबरीचे इंग्लंडमधील मूळ नाव तर एका बालगीतातून घेतलेले आणि कृष्णवर्णीयांचा अपमान करणारे होते. अमेरिकेत १९४० साली ते बदलून ‘अँड देन देअर वेअर नन’ असे झाले, पण ब्रिटनमध्ये जुने नाव १९८० च्या दशकापर्यंत टिकून होते. लेखिका आपल्या समाजाच्या चौकटीबाहेर पूर्णपणे गेली असे म्हणता येणार नाही. मात्र तिच्या कथांचे तर्कशास्त्र तिच्या पूर्वग्रहांपेक्षा अधिक न्यायी निघाले.

युद्धकाळात मॅक्स उत्तर आफ्रिकेत होते. अ‍ॅगाथाबाई लंडनच्या रुग्णालयात पुन्हा औषधालयाचे काम करू लागल्या. १९४४ साली रोझलिंडचा पती रणांगणावर पडला. त्याच वर्षी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने त्यांची ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ ही कादंबरी निघाली. तीत खून नाही, गुप्तहेर नाही. मुलीला भेटून बगदादहून परतणारी एक सुखवस्तू इंग्रज गृहिणी पावसामुळे वाळवंटातील विश्रामगृहात अडकते. बोलायला कोणी नाही, वाचायला पुस्तक नाही. दिवसामागून दिवस ती स्वतःच्या संसाराचा विचार करू लागते आणि आपण ज्यांच्यासाठी झटलो त्या नवऱ्याला आणि मुलांना आपण कधी ओळखलेच नाही, हे तिला दिसू लागते. ही कादंबरी बाईंनी तीन दिवसांत लिहिली. जगापासून तुटलेल्या स्थळाचे हे त्यांनी केलेले सर्वांत निर्दय चित्रण होय, कारण येथे आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच आहे.

आता चित्रपटांकडे वळू. बेटावरील कादंबरीचे नाटक लेखिकेने स्वतःच केले आणि ते १९४३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. कादंबरीचा शेवट अत्यंत कठोर होता. नाटकासाठी तो त्यांनी सौम्य केला. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यामुळे अमेरिकेत आलेले फ्रेंच दिग्दर्शक रने क्लेअर यांनी १९४५ साली हॉलिवुडमध्ये त्यावर चित्रपट काढला आणि नाटकाचाच शेवट स्वीकारला. कादंबरीत पात्रांच्या मनातील विचार वाचकाला ऐकू येतात. पडद्यावर ती सोय नाही. क्लेअर यांनी ती उणीव नजरांनी भरून काढली. एक जण दुसऱ्याला न्याहाळतो, त्याला तिसरा न्याहाळतो. पुढे अशा चित्रपटांची ही जणू रीतच पडली. १९६५ साली हीच कथा हिमाच्छादित पर्वतावर गेली, १९७४ साली इराणमधील वाळवंटी हॉटेलात, १९८९ साली आफ्रिकेच्या जंगलात. १९८७ साली सोव्हिएत दिग्दर्शक स्तानिस्लाव गोवोरुखिन यांनी क्रिमियाच्या किनाऱ्यावर चित्रण करून कादंबरीचा मूळ कठोर शेवट कायम ठेवला.

आपल्याकडे १९६५ साली आलेला ‘गुमनाम’ अनेकांना आठवत असेल. सोडत जिंकलेले सात प्रवासी सहलीला निघतात, विमान त्यांना आडजागी उतरवून निघून जाते, आणि एका ओसाड वाड्यात एकेकाचा बळी जाऊ लागतो. कल्पना उघडच अ‍ॅगाथाबाईंची. परंतु राज कपूर यांच्या हाताखाली तयार झालेले दिग्दर्शक राजा नवाथे हे मराठी, नायिका नंदा म्हणजे आपल्या मास्टर विनायकांची कन्या, आणि त्या प्रवाशांतच धुमाळही होते! लताबाईंच्या स्वरातील ते गूढ शीर्षकगीत, मेहमूदचा विनोद, हेलनचे नृत्य, शंकर-जयकिशन यांचे संगीत, असा सगळा थाट इंग्रजी बेटावर कधी नव्हता. तरी मूळ भीती तीच राहिली. १९६० साली प्रेमेंद्र मित्र यांचा बंगाली ‘चुपि चुपि आशे’, १९७३ साली बी. आर. चोप्रा यांचा ‘धुंद’ आणि २००३ साली ऋतुपर्ण घोष यांचा ‘शुभ महुरत’ हे चित्रपटही याच लेखिकेच्या कृतींवर आधारलेले आहेत.

बाईंना स्वतःला आपल्या कथांवरील बरेच चित्रपट रुचत नसत. अपवाद ठरला तो सिडनी लुमेट यांचा १९७४ चा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’. इनग्रिड बर्गमन यांना त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या लेखिका प्रथम खेळाला उपस्थित राहिल्या. चित्रपट आवडला, पण प्वारोच्या मिशा मनासारख्या नव्हत्या, एवढी तक्रार त्यांनी केलीच. यानंतर त्या लोकांत क्वचितच दिसल्या. त्याआधी १९७१ साली त्यांना डेम हा किताब मिळाला होता. युद्धकाळात लिहून तिजोरीत ठेवलेली प्वारोची अखेरची कथा १९७५ मध्ये बाहेर आली आणि न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर त्या कल्पित माणसाच्या निधनाची वार्ता छापली. घर गमावून आलेल्या निर्वासिताला एवढा मान खऱ्या जगात क्वचितच मिळतो. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डजवळील आपल्या घरी अ‍ॅगाथाबाईंनी देह ठेवला. जवळच्या चोल्सी गावातील चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. सहासष्ट रहस्यकादंबऱ्या, चौदा कथासंग्रह, नाटके आणि सहा सामाजिक कादंबऱ्या एवढी संपदा त्यांनी मागे ठेवली.

त्यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झाले. १९४५ साली पालक-घरी ठेवलेल्या एका मुलाचा छळाने मृत्यू झाला होता. ती सत्य घटना त्याच्या मुळाशी आहे. महामारीमुळे मार्च २०२० ते मे २०२१ एवढा खंड सोडला तर त्याचे प्रयोग अखंड होत आले. लंडनमधील प्रयोग थांबेपर्यंत त्यावर चित्रपट निघू नये, असा करार असल्यामुळे त्याचा इंग्रजी चित्रपट निघालेला नाही. बर्फाने वेढलेले एक अतिथिगृह, आत मोजकी माणसे आणि त्यांत आगाऊ न कळविता आलेला एक परदेशी पाहुणा. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. पिढ्यान्‌पिढ्या लोक ही विनंती पाळत आले आहेत. म्हणून आम्हीही येथे कोणत्याच कथेचे रहस्य फोडलेले नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची स्थापना झाली तेव्हा या शहरात परकी असलेली मोजकी कुटुंबे एकत्र आली. आज आपण एकमेकांना नावागावानिशी ओळखतो, निदान ओळखतो असे समजतो. अ‍ॅगाथाबाईंच्या जीवनाने आणि लेखनाने काही शिकविलेच असेल तर ते असे, की शेजारच्या खुर्चीवरील माणसाचे न सांगितलेले दुःख विचारून पाहावे, आणि उशिरा आलेल्या नव्या पाहुण्याकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याला बसायला जागा द्यावी. पुढच्या खेपेला गाडी आडरानात थांबली, तर समोरच्या प्रवाशाकडे आपण शंकेने पाहूच. पण त्याच्या मनातही आपल्याविषयी तीच शंका असेल, एवढे लक्षात ठेवले तर डब्यातील रात्र सुखाची जाईल.